समोरच्याचा उजवा गाल

फोन वाजला तेव्हा मी ‘क’ कोरत होतो, उलटा, आणि ‘क’ हे अक्षर अर्ध्यावर सोडण्यासारखं नाही. त्याला दोन बाजूंना दोन पोटं, एक बंद आणि एक उघडं. दोन्ही एका दमात उतरली नाहीत तर कागदावर तो ‘क’ जन्मभर लंगडतो. एका वकिलाचा पितळी शिक्का होता. मी कोरणी खाली ठेवली नाही, फोन कान आणि खांदा यांच्यात धरला. पलीकडे तोंडाच्या दवाखान्यातली काउंटरवरची मुलगी. डॉक्टरांनी उद्या अकराला बोलावलंय, म्हणाली. डॉक्टरांना दाखवायची माझी तारीख पुढच्या गुरुवारची आहे, मी म्हटलं. हो, पण त्याआधीच यायला सांगितलंय, डाव्या गालाचं बोलायचंय. बरं, मी म्हटलं. मग फोन ठेवता ठेवता, छत्री आणा म्हणावं इतक्या सहज ती म्हणाली, “आणि काका, येताना घरचं कुणीतरी सोबत आणा.” कोरणी घसरली नाही. चाळीस वर्षांचा हात आहे, तो असा घसरत नाही. पण मी ती उचलली, डोळ्यावरचं भिंग काढलं, आणि शिक्का कापडात गुंडाळून डबीत घातला. आयुष्यात पहिल्यांदा मी अक्षर अर्ध्यावर टाकून उठलो, आणि उठून करायचं काय ते न कळून पुन्हा खाली बसलो.

ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी ते दादाला सांगितलं गेलं, आणि दादाच्या घरचं कुणीतरी म्हणजे मी होतो. दादा माझा थोरला भाऊ. ही कोरणी त्याची, हे भिंग त्याचं, अक्षर उलटं बघायची सवयही त्यानेच लावलेली. त्याच्या जिभेच्या कडेला वर्षभर एक फोड होता आणि वर्षभर त्याने कुणाला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. एका बाजूने चावायचा. विचारलं तर दाढ म्हणायचा. दुखायचं का, असं मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, “तेच तर, दुखत नव्हतं रे.” त्या दिवशी डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं. आत काय सांगितलं ते आता शब्दाशब्दाने आठवत नाही, टेबलावर एक काचेचा पेपरवेट होता आणि डॉक्टर तो बोटाने फिरवत होते एवढं आठवतं. मी बाहेर आलो तर दादा दाराच्या काचेकडे टक लावून बसलेला. काचेवर दवाखान्याचं नाव रंगवलेलं होतं. मला बघून म्हणाला, “रंगवणाऱ्याने ‘र’चा पाय मोडलाय बघ.” मी बघितलं, खरंच मोडला होता. मग त्याने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि पुढे एक शब्द विचारला नाही. सात महिने राहिला. माझं लग्न होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती, आणि माझ्या बायकोने त्याला चमच्याने भरवलं, शेवटी शेवटी तर तेही बंद झालं. तो गेल्यावर काही दिवसांनी भांडी पुसता पुसता ती मला म्हणाली होती, तुम्हाला तरी काही झालं तर सांगाल ना. सांगेन, मी म्हटलं होतं. त्या वेळी ते म्हणायला काहीच कष्ट पडले नव्हते.

आता माझं दुखणं तसलं नाही, हे मला चार वेळा सांगून झालं होतं. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी चहाचा पहिला घोट घेतला आणि दोन्ही गाल आतून सोलल्यासारखे झाले. आरशात बघितलं तर गालांच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रेघांचं जाळं, बारीक, एकात एक अडकलेलं, आणि जाळ्याच्या घरांत लाल चट्टे. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला त्या रेघांचं कौतुकच वाटलं. इतकी बारीक रेघ मला पितळेवर काढता आली असती तर मी कॉलर ताठ करून फिरलो असतो. डॉक्टरीणबाईंनी, आमच्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या असतील, जे नाव सांगितलं त्याचा अर्थ दगडावर उगवणाऱ्या बुरशीसारखं काहीतरी, असं त्याच म्हणाल्या. गालाचा कणभर तुकडा काढून तपासला, त्यात वाईट निघालं नाही. हे जात नाही, म्हणाल्या, पण मारतही नाही, नांदतं. फक्त लक्ष ठेवावं लागतं. शंभर चांगल्या शब्दांतला तो ‘फक्त’ तेवढा मी घरी घेऊन आलो. बाकी नांदवणं सुरू झालं. चहा कोमट, तिखट बंद, लिंबू बंद, पावाची कड काढून पाव. बोलायचो मी मूळचाच कमी, आता हं आणि उंहूंवर भागवायला लागलो, आणि बायको म्हणायला लागली की घरात एक नवरा आणि एक फर्निचर होतं, आता दोन फर्निचर झाली. गालातल्या गालात हसणंही महागात पडायचं.

पण सगळ्यात जास्त लागली ती फुंकर. पितळ कोरताना बारीक कीस निघतो आणि अक्षराच्या खाचेत बसतो. हाताने पुसला तर तो पितळेवर ओरखडे काढतो, म्हणून दर दोन-चार रेघांनंतर फुंकर मारायची. गाल फुगवायचे, ओठ चिमटायचे, आणि एक छोटी, नेमकी फुंकर. दिवसाला तीनशे तरी होत असतील. दादाची फुंकर लांब असायची, माझी तुटक. आतल्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेली बायको नुसती फुंकर ऐकून ओळखायची की काम कसं चाललंय. एकदा म्हणाली होती, आज चिडून फुंकताय, ‘ळ’ आलाय वाटतं. आलाच होता. गाल पेटले तेव्हापासून फुगवायचे म्हणजे दोन्हीकडून चटका. मग मी एक रबरी गोळा आणला, घड्याळं दुरुस्त करणारे वापरतात तसला. दाबला की फुस्स करतो. फुस्स सगळ्या अक्षरांना सारखंच. अडीच वर्षं मी तो गोळा दाबत आलो आणि अडीच वर्षांत बायकोने आतून एकदाही विचारलं नाही की आज कुठलं अक्षर आलंय.

दवाखान्यात त्यांचं एक काम चाललं होतं, दोन उपायांत कुठला सरस ते बघायचं. एका गालाला स्टेरॉइडचं इंजेक्शन, दुसऱ्या गालाला लेझरचा उजेड. माणूस एकच, तोंड एकच, म्हणजे तुलना चोख. येता का, विचारलं. मी म्हटलं, दोन्ही गाल तुमचेच समजा. कुठल्या गालाला काय ते चिठ्ठी काढून ठरलं: उजव्याला उजेड, डाव्याला सुई. दर दोन आठवड्यांनी गुरुवारी सुई, आणि उजेड मात्र आठवड्यातून दोनदा. सुई ही सुईसारखीच. आधी गाल बधिर करायचं मलम, मग चार-पाच ठिकाणी चिमटे, औषध आत शिरताना गाल भरल्यासारखा, आणि घरी येईपर्यंत अर्धं तोंड परक्याचं. पण काहीतरी झालं एवढं तर कळायचं. उजेडाचं उलट. डोळ्यांवर काळा चष्मा चढवायचा, पेनासारखं एक नळकांडं गालाला टेकवायचं, नर्सबाई मनात आकडे मोजायच्या, मग पुढची जागा. गरम नाही, गार नाही, दुखत नाही. मी पहिल्यांदा चष्म्याआडून विचारलं होतं की चालू केलंय ना.

धंद्यातला माणूस प्रत्येक गोष्ट धंद्यात नेऊन बसवतो. कोरायच्या दोन रीती आहेत. दादा एकाच घावात खोल जायचा, कोरणी लावली की रेघ संपूनच वर. मी एकाच रेघेवरून दहा वेळा जातो, दर वेळी केसभर. दादा मला हसायचा, म्हणायचा तू कोरत नाहीस, गोंजारतोस. म्हणून सुई मला दादाची वाटली आणि उजेड माझा, आणि उजेड जिंकावा असं मला आतून वाटत होतं. पण झालं भलतंच. डावा गाल, सुईचा, महिन्याभरात गप्प झाला. आग गेली, चट्टे गेले, जाळं विरलं. उजवा मात्र रखडत होता, सातावरून सहा, सहावरून पुन्हा सात, मग पाच. रोज संध्याकाळी जेवणाआधी आकडा लिहायचा असायचा, शून्य ते दहा, दोन गालांचे दोन. त्यासाठी दवाखान्याने वही दिली होती, आणि दर भेटीला काउंटरवर ते आकडे उतरवून घ्यायचे. दर पानावर एक गोल चेहरा छापलेला, चेहऱ्याच्या दोन्ही गालांवर दोन मोकळी वर्तुळं, बस. अक्षर एकही नाही. लिहिता-वाचता न येणारे लोकही होते ना त्यात. मी अक्षरावर जगणारा माणूस, मला ते पान नागडं वाटायचं, पण एक संध्याकाळ चुकवली नाही.

आणि आता बोलावणं आलं होतं डाव्या गालाचं. उजव्याचं असतं तर मी समजलो असतो, तो अजून कुरकुरत होता. डावा तर दोन महिने चकार शब्द बोलला नव्हता. दुपारभर जीभ तिकडेच. जिभेला सांगून कळत नाही. ती जाते, चाचपते, परत येते, काही नाही म्हणते, आणि पुन्हा जाते. न्हाणीघराच्या आरशात गाल बोटाने ओढून बघितला. गुलाबी, लहान मुलाच्या गालासारखा. तेच तर, दुखत नव्हतं रे. मी दिवा लावून बघितलं, दिवा बंद करून खिडकीच्या उजेडात बघितलं. त्यांनी दर वेळी फोटो काढले होते. फोटोत काहीतरी दिसलं असणार, मला आरशात दिसत नव्हतं ते. मग मी उगाच हिशेबी माणसासारखा विचार करायला लागलो: वकिलाचा शिक्का कुणाकडे द्यायचा, या गावात आता पितळ कोरणारं दुसरं कोण उरलंय, लेकीला कळवायचं ते आधी की नंतर. भरवणारी बायकोच असणार हेही मनात आलं, आणि ते मात्र मला सहन झालं नाही. एकदा भरवलंय तिने. एका माणसाच्या वाट्याला हे दोनदा येऊ नये, आणि दोन्ही वेळा माझ्याच घरातून.

संध्याकाळी वहीत आकडे लिहिले. रेघ सरळ आली, याचा मला अभिमान वाटला आणि मग त्या अभिमानाची लाज वाटली. जेवताना मी तिला म्हटलं की उद्या अकराला दवाखान्यात जाऊन येतो, नेहमीचंच आहे. ती हो म्हणाली. माझ्या ताटातल्या पावाच्या कडा तिने काढून ठेवल्या होत्या, नेहमीसारख्या. तेव्हा सांगता आलं असतं. तोंड उघडलं होतं मी, पण त्यात घास घातला. सव्वीस वर्षांपूर्वीचं ते ‘सांगेन’ समोर भिंतीवर टांगल्यासारखं दिसत होतं आणि मी त्याच्याकडे न बघता जेवलो. दादाने वर्षभर काय केलं असेल ते त्या एका जेवणात मला कळलं. तो भित्रा नव्हता. त्याला आमच्या ताटातलं जेवण खराब करायचं नव्हतं, एवढंच.

सकाळी मी बूट घालत होतो तर ती दारात उभी, साडी बदललेली, पिशवी खांद्याला. मी काही म्हणायच्या आत म्हणाली, “डबीत काय आहे ते मी बघितलंय. अर्धा ‘क’ टाकून उठलात तुम्ही. नेहमीचं म्हणे.” मी बूट घालतच राहिलो. नाडी नसलेल्या बुटाला किती वेळ लागतो, पण मी लावला. मग मी खाली बघूनच सगळं सांगितलं, डावा गाल, घरचं कुणीतरी, सगळं. ती ऐकून घेऊन कुलूप शोधायला लागली. बसमध्ये तिने खिडकीची जागा घेतली आणि चार थांबे बाहेर बघत राहिली. पाचव्या थांब्याला म्हणाली, सांगणार होतात ना. सांगणार होतो, मी म्हटलं. कधी, तिने विचारलं. मग तिने माझा हात आपल्या पिशवीवर ओढून घेतला आणि तसाच धरून ठेवला, रागाने धरतात तसा घट्ट.

दवाखान्याच्या त्या बाकावर मी वर्षानुवर्षं बसलोय, पण त्या दिवशी प्रत्येक वस्तू नवी दिसत होती. पाण्याचं यंत्र, त्याच्यावर उपडे ठेवलेले पेले, भिंतीवरचं दातांचं चित्र, ज्यातली एक दाढ कुणीतरी पेनने काळी केली होती. दाराला काच होती पण काचेवर अक्षरं नव्हती. बरं झालं, मनात आलं, मी मोडके पाय शोधत बसलो असतो. मी वाट बघत होतो ती एकाच गोष्टीची: मला बाहेर बसवतात की आत घेतात. काउंटरवरच्या मुलीने नाव पुकारलं आणि म्हणाली, दोघं या. दोघं. मला बाहेर बसवलं नव्हतं. दादाला बसवलं होतं, मला नाही. थोडा धीर आला, पण थोडाच. हल्ली सगळं तोंडावरच सांगायची पद्धत आली असेल, असं दुसरं मन म्हणालं.

डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर मी काउंटरवर दिलेली वही उघडी होती आणि शेजारी पडद्यावर माझे दोन्ही गाल, एवढाले मोठे. पण त्यांनी मला काही विचारलंच नाही. बायकोकडे वळून म्हणाल्या, “डायरी तुम्ही भरता का?” बायको म्हणाली, मी? मला हातसुद्धा लावू देत नाहीत, त्यांच्या शिक्क्यांइतकी जपतात. बाई थोड्या गोंधळल्या. म्हणाल्या, बऱ्याच घरी सून भरते, नातू भरतो, आणि मग आकडे चुकतात, म्हणून भरणाऱ्यालाच सोबत आणा म्हणून सांगायला लावलं होतं. घरचं कुणीतरी, म्हणजे वही भरणारं. एवढंच. पण मी लगेच हुरळलो नाही; डाव्या गालाचं अजून बाकी होतं. त्यांनी मला खुर्चीत मागे रेलवलं, हातमोजा घातलेलं बोट डाव्या गालात घालून आतून-बाहेरून चिमटीत धरून दाबत गेल्या. इथे दुखतं? नाही. इथे? नाही. इथे? मी मान हलवली. मऊ आहे, म्हणाल्या, फोटोही स्वच्छ आहे. मग काल संध्याकाळी चार का लिहिलेत? मागच्या महिन्यात सहा, त्याआधी सात. दिसायला एवढा चांगला गाल इतका दुखतोय म्हणून मला काळजी लागली, आज एक छोटा तुकडा काढून तपासायचा विचार होता.

तपासताना गालात ठेवलेल्या कापसामुळे मला बोलता येईना. मी बोटाने वही मागितली. चार उजव्या गालाला लिहिले होते, उजव्या वर्तुळात. मी वर्तुळावर बोट ठेवलं आणि मग आपल्या उजव्या गालावर ठेवलं. बाईंनी कापूस काढला. “उजवा गाल तुम्ही इकडे का लिहिता, काका?” मी म्हटलं, मग कुठे लिहू? आणि मी त्यांना समजावून सांगायला लागलो, चांगलं सविस्तर, कारण हा माझा विषय. चेहरा म्हणजे शिक्का, कागद म्हणजे ठसा. आता मी खाली वाकून माझं तोंड या पानावर दाबलं, तर माझा उजवा गाल पानाच्या उजव्या अंगाला उमटणार की नाही? मग मला हसली ती बायको. आधी नाकातून, मग पदर तोंडाला लावून, मग खुर्चीच्या हातावर डोकं टेकून, तिला थांबताच येईना. बाई स्वतःचं हसू आवरत म्हणाल्या, हा चेहरा कागदावर दाबलेला नाही, तुमच्या समोर बसलाय, मी तुमच्यासमोर बसते तसा. समोरच्याचा उजवा गाल आपल्या डाव्या हाताला येतो. पहिल्या दिवशी काउंटरवर सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. त्या मुलीने तेच सांगायला तोंड उघडलं होतं आणि मी तिला म्हटलं होतं की बाळ, उलट-सुलट मला नको शिकवूस, चाळीस वर्षं तेच करतोय.

जीव भांड्यात पडला असं आपण सहज म्हणतो. माझा पडला तेव्हा मला खरोखर आवाज ऐकू आल्यासारखं वाटलं. चौऱ्याऐंशी संध्याकाळी मी उजव्याचं दुखणं डाव्याच्या नावावर टाकत आलो होतो. एकही आकडा खोटा नव्हता, नुसती जागा चुकली होती. जो गाल दुखत होता तो दुखणाराच होता, आणि जो गप्प होता तो खरंच गप्प होता. गप्प असणं म्हणजे दरवेळी दबा धरून बसणं नव्हे. मला रडू आलं. साठीच्या घरात आलेला माणूस दातांच्या खुर्चीत, गळ्यात कागदी रुमाल, वर तो डोळ्यांत घुसणारा दिवा. बाईंनी दिवा बाजूला केला. बायको हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नसावं. मला दादाची आठवण आली, पण काल दिवसभर येत होती तशी नाही. तो इथे असता तर त्याने आधी तो छापील चेहरा बघितला असता आणि म्हणाला असता की काढणाऱ्याने कान वर-खाली काढलेत. खरंच काढले होते.

मग जिंकलं कोण, मी विचारलं. बाई वहीवर रेघ मारून दोन्ही गालांची नावं अदलाबदल करून लिहीत होत्या आणि खाली सही करत होत्या. तुमच्या तोंडात सुई, म्हणाल्या. पण तुमचं एकच तोंड आहे, आमच्याकडे चाळीस तोंडं आहेत, आणि सुईचा गाल पुन्हा उठतो का हेही अजून बघायचंय. मग वर बघून म्हणाल्या, ठरलेले आठवडे संपत आलेत, आता उजव्याला काय हवं ते तुम्ही सांगा. बायको ताबडतोब म्हणाली, सुई द्या, सरळ सुई द्या. मी थोडा वेळ पडद्यावरच्या उजव्या गालाकडे बघितलं. पहिल्या दिवसाचा फोटो आणि शेवटचा. जाळं होतं अजून, पण रेघा पातळ झाल्या होत्या, लाल चट्टा आक्रसून बोराएवढा उरला होता. सात, सहा, सात, पाच, चार. केसभर, केसभर. मी म्हटलं, त्याला उजेडच चालू ठेवा. तो माझ्या चालीने चाललाय, त्याला चालू दे. बायकोने कपाळावर हात मारला, पण हरकत घेतली नाही. निघताना मी बाईंना म्हटलं की या चेहऱ्याचा एक शिक्का मी करून देतो, गालांखाली ‘उजवा’ आणि ‘डावा’ लिहून, म्हणजे माझ्यासारखा दुसरा शहाणा आला तर पंचाईत नको. आणि काउंटरवर थांबून मी त्या मुलीला म्हटलं, बाळ, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, काय बरोबर होतं, काका? तिच्या लक्षातही नव्हतं.

घरी आल्यावर आधी डबी उघडून मी ‘क’ पुरा केला. लंगडा होईल अशी भीती होती. भिंगातून बघितलं, जोड कुठे पडला ते मला माहीत असूनही दिसला नाही. मग पितळेचा एक कोरा गोल घेतला आणि चेहरा आखायला बसलो, कान सारखे. कागदावर ‘उजवा’ डाव्या हाताला उमटायला हवा, म्हणजे पितळेवर तो उजव्या हाताला कोरायचा. मी पेन्सिलने खूण केली आणि थबकलो. पितळेवर उजवा गाल उजवीकडेच येत होता, मी वहीत लिहीत होतो तिथेच. म्हणजे माझं गणित चुकलं नव्हतं. मी फक्त कागदाला शिक्का समजून बसलो होतो. हे बायकोला ओरडून सांगावंसं वाटलं, पण सकाळपासून ती या विषयावर पुरेशी हसली होती. आत मशीन चालू होतं. मी ‘उ’ची कमान कोरली, शेपूट वळवलं, ‘ज’ला हात घातला. कीस खाचेत साचला. गोळा बाजूलाच होता, पण उजवा हात कोरणीवर आणि डावा पितळेवर, आणि डोकं त्या वळणात. मी वाकलो आणि फुंकलं.

कीस उडाला. मशीन थांबलं.

“फुंकलंत?” आतून आवाज आला.

हो, मी म्हटलं. मग तिने विचारलं की दुखलं का. मी जीभ डाव्या गालावरून फिरवली, मग उजव्यावरून, खरंच बघितलं, उगाच नाही.

“तीन,” मी म्हटलं. “उजव्याला.”

“तुमच्या की समोरच्याच्या?”

“माझ्या.”

मशीन पुन्हा सुरू झालं. मी गाल फुगवले आणि खाच स्वच्छ असतानाही आणखी एकदा फुंकलं.